कॉन्व्हेंटची घंटा

'ऑर्थोडॉक्स कॉन्व्हेंट' हे दोन शब्द मी आईसमोर एका दमात उच्चारले, तिथेच चुकलं. आई नागपूरची. आमच्याकडे ऑर्थोडॉक्स म्हणजे सोवळंओवळं पाळणारा माणूस, आणि कॉन्व्हेंट म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एखाद्या दुमजली घराला पिवळा रंग फासून काढलेली इंग्रजी शाळा. केजीलासुद्धा तिकडे कॉन्व्हेंटच म्हणतात. 'पोरगं कॉन्व्हेंटला जातं' याचा अर्थ एवढाच, की ते तीन वर्षांचं झालं आणि त्याच्या गळ्यात इलॅस्टिकचा टाय आला. त्या शाळेत नन नावालाही नसते.

"सोवळं पाळणारी इंग्रजी शाळा?" आई चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. "इथेही आहेच का बापा हे?"

मी समजावलं. हे कॉन्व्हेंट म्हणजे मूळ अर्थाचं, नन्सचा मठ. आणि ऑर्थोडॉक्स म्हणजे ग्रीस, रुमानिया, रशिया तिकडची जुनी ख्रिस्ती परंपरा. सप्टेंबरात इथे एरवी बंद असलेल्या जुन्या इमारती लोकांना फुकट पाहू देतात, त्यात या वर्षी आमच्यापासून अर्ध्या तासावरचा हा मठ होता. मला तो पाहायचाच होता.

मला इमारतींचं वेड आहे. शिक्षण त्यातलं नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल गावात एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चुका शोधण्याचाच पगार मिळत असला की ती सवय अंगात भिनते. कुठल्याही जुन्या घरात गेले की मी भिंतीवर टकटक करून पाहते. बाहेरून खिडक्या मोजते, आतून मोजते, आणि आकडा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हाही मी हेच केलं होतं, असं नवरा अजून सगळ्यांना सांगतो.

पण आईला कॉन्व्हेंट हा शब्दच सोसत नाही, आणि त्यालाही कारण आहे. ती महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. मीही त्याच शाळेत शिकले आणि घरी जिला आई म्हणायचे तिला शाळेत बाई म्हणायचे. दर जूनमध्ये ती आणि शेजारच्या वर्गाच्या बाई उन्हातून दारोदार फिरायच्या: पोरगी आमच्याकडे घाला हो, पुस्तकं फुकट, खिचडी मिळते. तोवर गल्लीगल्लीत कॉन्व्हेंट उगवली होती. पट उतरत गेला, वर्ग रिकामे झाले, आणि एका उन्हाळ्यात शाळा बंद झाल्याचा आदेश आला. अंगणातल्या कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. तो भंगारात गेला. "कॉन्व्हेंटने माझी शाळा खाल्ली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की मला त्याची चालही पाठ आहे.

बाबा गेल्यापासून ती वर्षातले काही महिने माझ्याकडे येते. पहिल्या वर्षी नुसती खिडकीत बसून असायची. मग माझ्या मुलीचं मराठी ऐकून तिचं डोकं फिरलं. "माझा आई ऑफिसला गेला," असं नातीने सांगितल्यावर ती उठली आणि खडू मागितला; मिळाला मार्कर. दर शनिवारी कम्युनिटी हॉलच्या छोट्या खोलीत तिचा वर्ग सुरू झाला. आमच्या मित्रमंडळींची पोरंही येऊ लागली. आईची पाठ ताठ झाली, आवाज चढला, आणि ती मला पूर्वीसारखं रागावू लागली. मी सुखावले.

आता तो हॉल महिनाअखेर बंद व्हायचा होता. कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, तसं कळवलं होतं. लायब्ररीत शनिवार रिकामा नव्हता, आणि बाकीच्या हॉलची भाडी ऐकूनच आम्ही परत फिरलो होतो. आई एवढंच म्हणाली, "माझ्या देखत दुसरी शाळा बंद पडणार. पडू दे. पण मग पुढच्या वर्षी मी काही येत नाही. टीव्हीच पाहायचा तर नागपूरचा सोफा बरा." ती उगाच बोलत नाही. तिकडच्या फ्लॅटमध्ये ती एकटी त्या सोफ्यावर बसलीये, हे मला डोळ्यांसमोर दिसायचं आणि भीती वाटायची.

तर अशा घरात मी कॉन्व्हेंट पाहायला जायचा घाट घातला. आई तोंड वाकडं करून का होईना, आली; मुलगीही बरोबर होती. साडी, वर कार्डिगन, पायांत नातीने निवडलेले पांढरे ट्रेनर्स.

घर झाडांच्या बोळाच्या टोकाला होतं. लाल विटांचं, उंच धुराड्यांचं, एखाद्या श्रीमंताने हौसेने बांधलं असावं तसं. खरोखर तसंच होतं. फाटकापाशी लावलेल्या माहितीत लिहिलं होतं, की ते एका बिअरच्या कारखानदाराने बांधलं.

"म्हणजे दारूच्या पैशाचं देऊळ," आई म्हणाली.

फाटकापासून एक बाण घराच्या मागच्या अंगाला जात होता: प्रवेश मागून. आईने तो वाचला आणि सरळ पुढच्या दाराकडे निघाली. दार देखणं होतं. पुढे दगडी पोर्च, बाजूला पितळी मूठ, ओढली की आत बेल वाजणारी.

"आई, एन्ट्रन्स मागे आहे. बाण दिसत नाही का?"

"पूर्वेचं दार आहे हे. इतकं चांगलं पूर्वेचं दार सोडून मागून काय म्हणून शिरायचं? चोर आहोत?" आणि तिने मूठ ओढली.

आत कुठेतरी घंटा वाजली. कुणी आलं नाही. "आजी, हा दार उघडत का नाही?" मुलीने विचारलं. "हे दार," आई म्हणाली आणि पुन्हा मूठ ओढली. मुलीनेही हात धुऊन घेतला. तिसऱ्या खेपेला घराच्या कोपऱ्यावरून एक नन काळा झगा दोन्ही हातांनी वर धरून धावत आली. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. जवळ आल्यावर कळलं, की ती हसू दाबत होती.

"प्लीज, नका वाजवू," ती धापा टाकत म्हणाली. "हे दार नाही. म्हणजे बाहेरून दार आहे. आतून तो गाभारा आहे. मधल्या प्रहराची प्रार्थना चाललीये आणि तुमची बेल बरोबर वेदीच्या मागे वाजतेय. ही बेल चालू आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आमच्या म्हाताऱ्या फादरांनाही नाही. त्यांना वाटलं, वरून बोलावणं आलं."

मी आईला मराठीत सांगितलं. आईने पदर तोंडाला लावला. हसताना तिला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

गाभारा हा शब्द अर्थात माझा. ननने इंग्रजीत जे म्हटलं त्याला मला दुसरा शब्दच सुचेना. प्रार्थना संपल्यावर तिने आम्हाला मागच्या दाराने आत नेलं आणि सगळा उलगडा झाला. या परंपरेत वेदी पूर्वेलाच हवी. पहिल्या दोन नन्स परदेशातून दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी वर्षांनी इथे आल्या, एक सुटकेस आणि फडक्यात गुंडाळलेलं संताचं एक चित्र घेऊन. त्यांना हे पडीक घर मिळालं, तेव्हा घराची पूर्व पुढच्या दाराने अडवलेली होती. दार हलवावं, तर घर जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं. त्याच्या दर्शनी भागाला कौन्सिल बोटसुद्धा लावू देईना. मग त्यांनी दाराला हात न लावता घरच फिरवलं. दिवाणखाना आणि जेवणघर यांमधली भिंत काढून एक लांब देऊळ केलं, दाराच्या आतल्या बाजूला वेदी मांडली, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार झालं मुख्य दार. घर तेच, फक्त तोंड पाठीकडे. बेलच्या तारेचा मात्र कुणालाच पत्ता नव्हता. कारण इतक्या वर्षांत कुणी बाण सोडून पूर्वेच्या दाराशी गेलंच नव्हतं. त्यासाठी नागपूरहून माणूस यावा लागला.

दाराशी रुमालांची टोपली होती, बायकांनी डोकं झाकण्यासाठी. मी एक फुलाफुलांचा रुमाल बांधला आणि भाजी आणायला निघाल्यासारखी दिसू लागले. आईने आपला पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, झालं का तुझं, अशा नजरेने.

आत मेणाचा वास. बाकं नाहीत; सगळ्यांनी उभं राहायचं, म्हाताऱ्यांसाठी कडेला उंच हातांच्या खुर्च्या. समोर संतांच्या चित्रांची लाकडी भिंत, तिच्या मागे गाभारा. मी मान वर केली आणि पाहतच राहिले. वर घुमट होता. निळा, आतून रंगवलेला, मध्यभागी आशीर्वादाचा हात उचललेला ख्रिस्त. बाहेरून मी छप्पर चांगलं निरखलं होतं. तिथे कौलं आणि धुराडी सोडून काही नव्हतं.

"हा आला कुठून?" मी जवळजवळ ओरडलेच.

ननला हा प्रश्न आवडला. ती पूर्वी रेल्वेत सिग्नलचं काम करायची, त्यामुळे यंत्रासारखं नीट सांगत होती. पाणी झिरपून जेवणघराचं छत एका हिवाळ्यात खाली आलं होतं. तेच छत पूर्वीसारखं बांधायचं, की या निमित्ताने वर जायचं, असा प्रश्न पडला. बाहेरून घुमट दिसला तर परवानगी मिळणार नाही. म्हणून त्यांनी वरची एक निजायची खोली सोडून दिली आणि त्या पोकळीत लाकडी कमानींचा घुमट बसवला. खोलीची खिडकी बाहेरून अजून आहे, पडद्यासकट. आत खोलीच नाही.

मला राहवेना. मी बाहेर जाऊन वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या, आत येऊन दारं मोजली. एक खिडकी जास्त भरली. माझ्या आयुष्यात न जुळलेल्या हिशेबाने इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला.

आई घुमटाकडे पाहत नव्हती. ती मागच्या बोळात थांबली होती. तिथे भिंतीला कपडे अडकवायच्या खुंट्यांची लांब रांग होती आणि नन्सचे काळे कोट त्यांच्यावर लटकत होते. कोटांचे घोळ जमिनीवर लोळत होते. कारण खुंट्या आईच्या कमरेच्या उंचीवर होत्या.

"ह्या एवढ्या खाली काहून?" तिने विचारलं. मी ननला विचारलं.

"युद्धात बाँबच्या भीतीने लंडनमधली लहान मुलींची शाळा इथे हलवली होती," ती म्हणाली. "खुंट्या त्यांच्या. आम्ही नाही बदलल्या. नाहीतरी आम्हाला दिवसभर वाकायचंच असतं."

आई माझ्याकडे वळली. "शाळा होती का नाही? मी सांगत होते तर मलाच अक्कल शिकवत होती." एवढा विजय तिला पुरेसा होता. पण तिचा हात त्या खुंट्यांवरून फिरत राहिला, एकीवरून दुसरीवर, वर्गात बाकांमधून फिरताना पोरांच्या डोक्यांवरून फिरायचा तसा.

ननने ते पाहिलं. ही बाई काय करायची, असं तिने विचारलं आणि मी सांगितलं. सांगता सांगता माझी गाडी घसरली आणि हॉल बंद होणार, वर्ग जाणार, हेही मी ओकून टाकलं. आईने कोपराने ढोसलं. "परक्यापुढे रडगाणं कायले गाते?"

ननने आम्हाला अंगणापलीकडे नेलं. पूर्वी घोडागाडी ठेवायची जागा होती ती, आणि युद्धात तोच शिशुवर्ग. आत मेणबत्त्यांच्या मेणाची खोकी रचलेली. समोरच्या भिंतीवर काळा फळा. फुटलेला नाही, कुणी काढलेला नाही. "शनिवारी इथे कुणीच नसतं," ती म्हणाली. "मी मदर अॅबेसना विचारू शकते." मठाच्या प्रमुख बाईंना तिथे असं म्हणतात. त्या वर आपल्या खोलीत होत्या.

मी आईला सांगितलं आणि तिचा चेहरा दगड झाला.

"नाही."

"आई, अगं खोली आहे, फळा आहे..."

"मी कॉन्व्हेंटमध्ये शिकवू? जन्मभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्या ओसरीत जाऊन बसू? नागपुरात कळलं तर माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई काय म्हणतील?"

"हे ते कॉन्व्हेंट नाही, आई! किती वेळा सांगू?"

"शब्द तोच आहे ना?"

मी ननला गुळमुळीत थँक यू म्हटलं आणि आम्ही गाडीकडे निघालो. मला रडू येत होतं आणि रागही. एका शब्दापायी ही बाई नागपूरला जाऊन बसणार. मी गाडीचं दार उघडलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक्. टक्. टक टक टक्. लाकडावर लाकूड. आई थबकली. तिने मान वळवली आणि मग ती सरळ परत चालू लागली, ट्रेनर्स घातलेल्या पायांनी, भराभर. मी मागे धावले.

अंगणात दुसरी एक नन, माझ्या निम्म्या वयाची असेल, खांद्यावर लांब फळी तोलून उभी होती आणि छोट्या हातोडीने तिच्यावर ताल धरत होती. पुढच्या प्रार्थनेची हाक होती ती. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाजवणं थांबेपर्यंत हलली नाही.

"विचार तिला," ती मला म्हणाली, "की घंटा का नाही?"

मी विचारलं. रेल्वेवाली ननही तिथे आली होती. ती म्हणाली, की फळी फार जुनी चाल आहे. आणि त्यांच्याकडे असंही सांगतात, की काही देशांत राज्यकर्त्यांनी एकेकाळी घंटा वाजवायला बंदी केली होती. कित्येक पिढ्या घंटा नव्हती. तेव्हा लोकांनी लाकडाच्या फळीवर हाक दिली. पुढे बंदी उठली, घंटा परत आल्या. फळी मात्र कुणी सोडली नाही.

मी हे आईला मराठीत सांगत गेले. ती लक्ष देऊन ऐकत होती, पालकसभेत ऐकायची तसं.

"म्हणजे यांची घंटा काढून घेतली," ती हळूच म्हणाली.

"हो."

"आणि यांनी बंद नाही केलं."

"नाही."

तिने फळीला हळूच हात लावून पाहिला. मग डोक्यावरचा पदर नीट केला. "आमचा रूळ नेला तेव्हा मी गप घरी येऊन बसले," ती म्हणाली. "एखादं पोरगं तरी अंगणात घेऊन बसायचं होतं ना मी." मला तिचा हात धरायचा होता, पण आमच्यात ती पद्धत नाही. मी फक्त शेजारी उभी राहिले.

"विचार तिला," आई म्हणाली, "खडू कुठे मिळतो इकडे."

मदर अॅबेसचा निरोप त्याच आठवड्यात आला. खोली मिळेल. अटी दोन: मुलांनी मागच्या दाराकडूनच यायचं, आणि पुढच्या दाराच्या बेलला कुणीही, विशेषतः आजींनी, हात लावायचा नाही.

पहिल्या शनिवारी मी आणि नवऱ्याने मेणाची खोकी एका कोपऱ्यात सरकवली. रेल्वेवाल्या ननने एक जुनी, टोकाला चिरलेली फळी आणून दाराबाहेर दोरीने टांगली. आता ती त्यांच्या कामाची नव्हती. पोरं अंगणात नुसती पळत होती. इंग्रजीत आरडाओरडा चालू होता. माझी मुलगी पुढे आली. "आजी, ते घंटा मी वाजवू?"

"ती घंटा. आणि शाळेत आजी नाही, बाई म्हणायचं."

"बाई, ती घंटा मी वाजवू?"

"उद्या... म्हणजे पुढच्या शनिवारी. आज मी."

आईने हातोडी घेतली. नन्ससारखा ताल नाही धरला तिने. आधी एक लांब ठोका, मग भराभर, भराभर. आमच्या कडुनिंबाखालचाच ठोका होता तो. माझे पाय आपोआप रांगेत जायला निघाले. पोरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी ती गप झाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी तिने नागपूरला फोन लावला, शेजारच्या वर्गाच्या बाईंना. मी भाजी चिरत ऐकत होते. इकडचं हवापाणी झालं, गुडघे झाले. मग तिकडून प्रश्न आला असावा, कारण आई जरा थांबली.

"पट? नऊ. हो, नऊ. दहावं येणार आहे... पुढच्या वर्षी? येणार तर. आता मध्येच कशी सोडू?"

मग तिने माझ्याकडे पाठ फिरवली, जणू मी तिथे नव्हतेच.

"शाळा ना? कॉन्व्हेंट आहे," ती म्हणाली. "अगं, ऐकून तर घे. घंटा आपली आहे."